रंगमंचावरील वादन आणि श्रोत्यांशीं नातें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गायकवृंद व वाद्यवृंद यांच्यापुढें केलेलें भाषण)



परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. ह्या मंगल प्रसंगीं संगीताविषयीं चार शब्द सांगण्याची आज्ञा महोत्सवसमितीनें आम्हांस केली, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहों. महोत्सवाच्या दिवशीं सकाळीं कृतज्ञतेचें मिस्साबलिदान होईल, आणि सायंकाळीं मंदिराच्या पटांगणांत मंडप घालून गायनवादनाचा कार्यक्रम होईल. सकाळीं जें व्हायोलिन उपासनेंत वाजेल तेंच सायंकाळीं रंगमंचावर वाजेल. सकाळीं जे कंठ स्तोत्रें गातील तेच सायंकाळीं पदें गातील. माणसें तींच, वाद्यें तींच, आणि ऐकणारेही बहुधा तेच. तरीही ह्या दोन वेळीं वाजविणाऱ्याचें काम एकच नसतें. हा भेद ध्यानांत घेऊन, रंगमंचावर असतांना आपलें लक्ष संगीताकडे किती आणि श्रोत्यांकडे किती असावें, हा प्रश्न आज आपणांपुढें मांडावा असा आमचा मानस आहे.

हा प्रश्न नवा नाहीं. इ. स. ३८६ च्या सुमारास मिलान नगरांत संत अंब्रोज यांच्यावर राजदरबाराचा कोप झाला, तेव्हां श्रद्धावंत मंडळी मंदिरांत जागत बसली. आणि त्यांचें मन खचूं नये म्हणून सर्वांनीं मिळून स्तोत्रें गाण्याची पूर्वेकडील पद्धत तेथें सुरू झाली. पुढें ३८७ सालीं संत ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा त्याच नगरांत झाला. तें गायन ऐकून आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, असें त्यांनीं ‘कन्फेशन्स’ ह्या आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागांत ते स्वतःची झडती घेतात. गाण्यांतील अर्थापेक्षां गाणेंच आपणांस अधिक हालवून गेलें, असें जेव्हां घडतें, तेव्हां तो आपला अपराध होय असें ते म्हणतात. आणि अलेक्झांड्रियाचे संत अथनेशियस हे वाचकाकडून स्तोत्रें इतक्या अल्प स्वरभेदानें म्हणवीत कीं तें गाण्यापेक्षां बोलण्याच्या अधिक जवळ असे, ह्याची त्यांस आठवण होते. तरीही मंदिरांतून गायन काढून टाकावें असा निर्णय ते देत नाहींत. दुर्बळ मनास भक्तीकडे नेण्याचें सामर्थ्य त्यांत आहे, म्हणून तें राहावें, ह्याच बाजूस त्यांचा कल आहे. गाण्याचा गोडवा आणि गाण्याचा हेतु ह्यांमधील ओढाताण सोळाशें वर्षांपूर्वींच ओळखली गेली होती, हें ह्यावरून दिसतें.

पुढें २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, दहावे पायस पोपमहाराज यांनीं मंदिरांतील संगीताविषयीं एक आज्ञापत्र काढिलें. ऑर्गननें गायनास आधार द्यावा, त्यास दडपून टाकूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. गाण्याच्या आधीं किंवा मध्यें लांबलचक वादन करण्यास मनाई केली आहे. पियानो, ढोल, झांजा इत्यादि वाद्यें मंदिरांत वर्ज्य ठरविलीं. बँडला मंदिराबाहेरील मिरवणुकींत तेवढा, आणि तोही बिशपांच्या परवानगीनें, वाव ठेविला. गायक लोकांच्या नजरेस फार पडत असतील तर त्यांच्यापुढें जाळी लावावी, इथपर्यंत ती सूचना गेली. आज हे सर्व निर्बंध त्याच स्वरूपांत राहिले नाहींत. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचें उपासनेविषयींचें विधान प्रसिद्ध झालें. लोकांनीं उपासनेंत सक्रिय भाग घ्यावा ह्यावर त्यांत भर आहे, आणि ज्या देशांत स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिला योग्य मान द्यावा असेंही सांगितलें आहे. त्यानंतर आपल्या वेदीवर मराठी भाषा आली आणि पेटी व तबला ह्यांसही मंदिरांत जागा मिळाली.

परंतु जाळीच्या त्या आज्ञेमागें जो हेतु होता तो जुना झालेला नाहीं. मंदिरांत जमलेले लोक हे श्रोते नव्हत. ते आपल्याबरोबर प्रार्थना करणारे आहेत. तेथें वादकाची आठवण जितकी कमी होईल तितकें त्याचें काम चांगलें झालें असें समजावें.

रंगमंचावर मात्र ही जाळी बरोबर नेतां येत नाहीं. तेथें लोक वेळ काढून, लहान मुलांस कडेवर घेऊन, वृद्ध आईबापांस हात धरून आणून, आपलें ऐकावयास म्हणून बसतात. त्यांच्याकडे दृष्टि न देणें हें तेथें विनयाचें लक्षण नसून अनादराचें आहे. घरीं आलेल्या पाहुण्याशीं यजमान एक शब्दही न बोलतां आंत स्वयंपाकच करीत बसला, तर जेवण कितीही उत्तम असलें तरी पाहुणा अवघडून जातो. उलटपक्षीं यजमान ओसरीवर तासभर गोड बोलत राहिला आणि चुलीवर कांहींच शिजलें नाहीं, तर पाहुणा उपाशीं घरीं जातो. रंगमंचावर हे दोन्ही प्रकार घडतांना आपण पाहतों.

पहिल्या प्रकारचा वादक बहुधा अभ्यासू असतो. त्याचे डोळे स्वरलिपीच्या कागदावरून हालत नाहींत. एक रचना संपली कीं तो पान उलटून दुसरी सुरू करितो. टाळ्या संपल्या कीं नाहीं हेंही त्यास कळत नाहीं. त्याची बाजू अगदींच लंगडी आहे असें नाहीं. कॅनडांतील थोर पियानोवादक ग्लेन गूल्ड याची तर ठाम समजूत होती कीं जमावापुढें वाजविणें हें संगीतास अपायकारक आहे. एप्रिल १९६४ मध्यें लॉस एंजेलिस येथें झालेल्या कार्यक्रमानंतर, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं, त्यानें जाहीर वादन कायमचें सोडिलें, आणि १९८२ सालीं मृत्यु येईपर्यंत तो ध्वनिमुद्रणासाठींच वाजवीत राहिला. त्याच्या ध्वनिमुद्रिका जगभर आदरानें ऐकिल्या जातात, तेव्हां त्याचें म्हणणें हसण्यावारी नेतां येत नाहीं. परंतु त्यानें एक गोष्ट प्रामाणिकपणें केली. श्रोते नकोत असें वाटतांच तो रंगमंचावरून उतरला. रंगमंचावर बसून श्रोते नसल्यासारखें वागण्याचा मार्ग त्यानें घेतला नाहीं.

दुसऱ्या प्रकारच्या वादकास टाळी हवी असते. ती एकदां मिळाली कीं ज्या जागेवर मिळाली ती जागा तो पुन्हां पुन्हां दाखवितो. आमच्या मराठी लोकांस ह्या मोहाची ओळख चांगलीच आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं रंगभूमीवर आल्यापासून संगीत नाटकांचें जें युग सुरू झालें, त्यांत ‘वन्स मोअर’ची आरोळी ही नाट्यगृहाची नित्याची गोष्ट झाली. बालगंधर्वांच्या पदांस इतके ‘वन्स मोअर’ मिळत कीं नाटकें उत्तररात्रीपर्यंत चालत. बालगंधर्वांच्या गळ्याचें दैवी माधुर्य कोणीही नाकारणार नाहीं, आणि रसिकांच्या प्रेमाचा तो अस्सल पुरावा होता हेंही खरें. परंतु पद पुन्हां पुन्हां होऊं लागलें म्हणजे कथा तेथेंच उभी राहते, शकुंतला वनांतून निघतां निघत नाहीं, आणि ज्यासाठीं पद रचिलें तो प्रसंगच विसरला जातो. श्रोत्यांचें प्रेम स्वीकारणें आणि श्रोत्यांच्या स्वाधीन होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग ह्या दोहोंची सांगड कशी घालावी? आमच्या मतें ह्याचा उत्तम धडा ऑस्ट्रियांतील संगीतकार योसेफ हायडन (१७३२–१८०९) याच्या चरित्रांत सांपडतो. हा गाड्यांचीं चाकें करणाऱ्या कारागिराचा मुलगा. बालपणीं तो व्हिएन्ना येथील संत स्टीफन यांच्या महामंदिरांत गायकवृंदांत होता. आपल्या हस्तलिखितांच्या आरंभीं प्रभूचें नांव आणि शेवटीं देवाची स्तुति लॅटिन भाषेंत लिहिण्याची त्याची पद्धत होती. हा भाविक कॅथॉलिक मनुष्य पुढें एस्टरहाझी नांवाच्या सरदारघराण्याच्या पदरीं वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. १७७२ सालीं ह्या सरदारानें आपला उन्हाळी मुक्काम फार लांबविला. वादकांचीं बायकामुलें दूर गांवीं होतीं, आणि घरीं जाण्याची रजा मिळेना. तेव्हां हायडननें एक रचना अशी केली कीं तिच्या शेवटच्या भागांत एकेक वादक आपलें वादन संपवी, आपल्यापुढील मेणबत्ती विझवी आणि उठून जाई. शेवटीं हलक्या आवाजांत वाजणारीं दोनच व्हायोलिनें उरलीं. धन्यास अर्थ कळला, आणि दुसऱ्याच दिवशीं मंडळींस परतण्याची आज्ञा झाली, असें सांगतात. येथें कोणी उठून भाषण केलें नाहीं, कोणी विनवणी केली नाहीं. जें सांगावयाचें तें संगीतांतूनच सांगितलें. परंतु समोर कोण बसला आहे, त्याच्या मनास काय लागेल, हें नीट जाणून सांगितलें.

पुढें १७९२ सालीं लंडन येथें हायडननें आपली एक नवी सिंफनी वाजविली. तिच्या दुसऱ्या भागांत अगदीं मृदु, लहान मुलासही गुणगुणतां येईल अशी चाल चालू असतां एकाएकीं सर्व वाद्यवृंदाचा मोठा आघात होतो. जेवून आलेल्या श्रोत्यांची झोंप उडविण्यासाठीं ही युक्ति केली, अशी दंतकथा पसरली. हायडननें वृद्धपणीं ती नाकारिली. लोकांस कांहीं नवें देऊन चकित करावें एवढाच आपला हेतु होता, असें त्यानें आपल्या चरित्रकारास सांगितलें. दोहोंपैकीं कांहींही खरें धरिलें तरी वाजवितांना त्याच्या डोळ्यांपुढें ऐकणारे होते, हें उघड आहे. आणि त्यांच्यासाठीं जें केलें त्यानें रचनेचा तोल बिघडला नाहीं, उलट रचनाच शोभिवंत झाली.

ह्याच हायडनच्या ‘सृष्टि’ ह्या महाकृतीचा एक प्रयोग २७ मार्च १८०८ रोजीं व्हिएन्नाच्या विद्यापीठाच्या सभागृहांत झाला. त्या वेळीं तो ७५ वर्षांचा, थकलेला असून त्यास खुर्चींतून आंत आणिलें होतें. प्रकाश उत्पन्न झाल्याचे शब्द येतात तेथें अगदीं हलक्या गायनानंतर सर्व वाद्यवृंद एकदम उजळून उठतो. त्या ठिकाणीं टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हां वृद्ध हायडननें हात वर करून, हें माझ्याकडून नाहीं, वरून आलें आहे, अशा अर्थाचे उद्गार काढिले, असें उपस्थितांनीं नोंदविलें आहे. टाळी त्यानें झिडकारिली नाहीं आणि स्वतःपाशीं ठेवूनही घेतली नाहीं. ख्रिस्ती वादकानें टाळीचें काय करावें ह्या प्रश्नास ह्याहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथील मैफलींत श्रोता केवळ ऐकत नाहीं. तो तालांत सामील होतो. गायक आलाप घेत, बोल फिरवीत, ताना घेत समेवर येतो, आणि त्याच क्षणीं सर्व सभेची मान एकदम हालते. सम कोठें येणार हें श्रोत्यास ठाऊक असतें. गायक तेथें कसा पोंचतो ह्याची त्यास उत्कंठा असते. हें नातें हसून किंवा हात हालवून जुळलेलें नसतें. गायकाचा ताल पक्का असतो म्हणून तें जुळतें. समच चुकली तर कितीही गोड बोललें तरी तुटलेला धागा सांधला जात नाहीं.

कीर्तनकाराचें उदाहरण तर आपल्या अंगणांतलेंच आहे. तो एकटा उभा राहतो, बरोबर टाळ व मृदंग असतो. पूर्वरंगांत अभंगाचें निरूपण करितो, उत्तररंगांत आख्यान लावितो. कथा ताणली जाऊं लागली कीं तो मध्येंच नामघोष करवितो, आणि मागच्या रांगेंत पेंगणारा मनुष्यही त्या घोषांत सामील होतो. आपले मराठी ख्रिस्ती बंधु रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ही रीत ओळखून ख्रिस्ती कीर्तनें केलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि त्यांच्याही तीनशें वर्षें आधीं येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोमंतकांत आले, येथील भाषा शिकले, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनीं रचिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ओवी हाच छंद त्यांनीं कां घेतला, ह्याचा विचार करावा. जात्यावर दळतांना जो छंद स्त्रियांच्या ओठांवर होता, पुराण ऐकतांना जो कानांत होता, तोच त्यांनीं उचलिला. सांगावयाचें सत्य त्यांनीं बदललें नाहीं; ऐकणाऱ्याचा कान मात्र ओळखला. विदेशांतून आलेल्या मनुष्यानें एवढे कष्ट घेतले, तर आपल्याच आळीच्या लोकांपुढें वाजवितांना आपण त्यांचा कान ओळखण्याचे श्रम टाळावे काय?

आणखी एक उदाहरण गोमंतकाचें. तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांस अक्षरांबरोबर स्वरलेखन वाचण्यास आणि व्हायोलिन धरण्यास शिकविणारे ‘मेस्त’ पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. त्या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादकांनीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांत मानाचें स्थान मिळविलें. माजोर्डे गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनीं १९५८ सालीं मुंबईंत भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालून एक मोठा कार्यक्रम केला. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे हे गायले. ही झेप कोठून आली? लहानपणीं धर्मग्रामांत केलेल्या रोजच्या पाठांतून आली. म्हणून तरुण मित्रांस आमचें पहिलें सांगणें हेंच कीं, श्रोत्यांकडे पाहण्याची उसंत पाठ पक्का असल्यावांचून मिळत नाहीं. ज्याचे डोळे अजून स्वर शोधीत आहेत तो माणसें कशीं शोधणार?

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट. प्रत्येक रचनेचा आरंभ आणि शेवट पूर्णपणें मुखोद्गत असूं द्यावा. मधला भाग कागद पाहून वाजविला तरी चालेल. परंतु सुरुवात करितांना आणि संपवितांना दृष्टि कागदावरून उचलतां आली पाहिजे. त्या दोन क्षणीं श्रोते आपल्या तोंडाकडे पाहत असतात. शिवाय वाद्यवृंदास एकत्र सुरू होण्यासाठीं आणि एकत्र थांबण्यासाठीं एकमेकांकडे पाहणें अवश्यच असतें.

दुसरी गोष्ट गतीची. लोकांपुढें उभें राहिलें म्हणजे छाती धडधडते, आणि घरीं ज्या गतीनें वाजविलें तिच्याहून जलद गति नकळत धरिली जाते. म्हणून सुरू करण्यापूर्वीं पहिल्या दोन ओळी मनांतल्या मनांत गाऊन पाहाव्या, आणि मग हात उचलावा. श्रोत्यांस ती क्षणभराची शांतता खटकत नाहीं. उलट ती त्यांस ऐकण्यास तयार करिते.

तिसरी गोष्ट जागेची. तालीम आपण बंद, रिकाम्या सभागृहांत करितों. तेथें भिंती आवाज परत देतात, आणि आपलें वादन आपणांस भरदार वाटतें. तेंच सभागृह माणसांनीं भरलें कीं अंगें आणि कपडे आवाज शोषून घेतात. पटांगणांतील मंडपांत तर भिंतीच नाहींत. आवाज जातो तो परत येत नाहीं. आपणांस आपलें ऐकूं येत नाहीं म्हणून प्रत्येक जण जोर करितो, आणि शेवटीं कोणाचेंच कांहीं ऐकूं येत नाहीं. ह्यास उपाय एकच. दिवसा मंडप उभा राहतांच तेथें एकदां वाजवून पाहावें, आणि एका जाणत्या मनुष्यास शेवटच्या रांगेंत बसवून त्याचा अभिप्राय घ्यावा. ध्वनिक्षेपकाचें तंत्र सांभाळणाऱ्या बंधूसही त्या वेळीं बोलवावें. तोही त्या रात्रीं आपल्या वाद्यवृंदाचाच एक घटक असतो. दिव्यांच्या उष्णतेनें तारा उतरतात आणि फुंकून वाजविण्याचीं वाद्यें चढतात. रात्रीच्या दमट हवेनें तबल्याचें पान सैल पडतें. तेव्हां मध्येंच सूर मिळविण्यास लाजूं नये. मात्र तें हलक्या हातानें करावें, आणि तेवढ्या वेळांत निवेदकानें दोन वाक्यें बोलावीं.

चौथी गोष्ट निवेदनाची. प्रत्येक गाण्यापूर्वीं लांब भाषण नको. परंतु अपरिचित रचना असेल तर ती काय आहे, तींत काय ऐकावें, हें दोन सोप्या वाक्यांत सांगावें. ‘आतां सर्व वाद्यें एकेक करून थांबतील’ एवढें सांगितलें तरी आठ वर्षांचें मूलही कान टवकारून बसतें.

पांचवी गोष्ट क्रमाची. सर्व अवघड रचना एकामागून एक ठेवूं नयेत. दोन नव्या रचनांनंतर एक सर्वांच्या ओळखीची असावी, आणि निदान एक अशी असावी कीं जींत सर्व मंडप गाऊं शकेल. ती ज्या सुरांत सामान्य माणसास गातां येईल त्याच सुरांत धरावी. उंच सूर लावून आपला गळा दाखविण्याची ती वेळ नव्हे.

सहावी आणि शेवटची गोष्ट चुकीची. चूक होईल. तार तुटेल, पान उडून जाईल, एखादा विद्यार्थी दोन मात्रा आधीं सुरू करील. त्या वेळीं तोंड वांकडें करूं नये आणि शेजाऱ्याकडे रागानें पाहूं नये. बहुतेक श्रोत्यांस चूक कळलेलीही नसते. आपल्या कपाळावरील आठी मात्र त्यांस शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. आज पुष्कळ लोक हातांतील मोबाइलवर कार्यक्रमाचें चित्रण करीत असतात, म्हणून तरुणांस चुकीची अधिक धास्ती वाटते. त्या लहानशा यंत्रासाठीं वाजवूं नका. त्याच्यामागें जो चेहरा आहे त्याच्यासाठीं वाजवा.

मित्रहो, हें सर्व आम्ही इतक्या आग्रहानें कां सांगतों, ह्याचें कारण आतां स्पष्ट बोलतों. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हा धर्मग्राम उभा केला त्यांपैकीं कांहीं वृद्ध मंडळी अजून आपणांत आहेत. त्यांच्या तरुणपणीं कोणी एकानें स्तोत्र उचलावें आणि सर्वांनीं पाठीमागून म्हणावें अशी चाल होती. सूर क्वचित् हालत असे, परंतु मंदिर भरून गात असे. आज आपला वाद्यवृंद अधिक शिकलेला आहे, वाद्यें अधिक चांगलीं आहेत, ध्वनिक्षेपक आहे. परंतु ह्याच काळांत एक धोका हळूहळू पाय पसरतो. गायकवृंद उत्तम गातो, आणि लोक ओठ मिटून ऐकत उभे राहतात. मंदिरच रंगमंच होतें, आणि प्रार्थना करणारे श्रोते होतात. एकदां ही संवय लागली कीं पुढच्या पिढीस स्तोत्रें तोंडपाठ राहत नाहींत, आणि ज्या दिवशीं गायकवृंद नसेल त्या दिवशीं, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशीं किंवा अंत्ययात्रेंत, गाण्यास कोणी उरत नाहीं.

म्हणून रंगमंचाचें काम रंगमंचावर मन लावून करा. तेथें आपली कला मोकळेपणानें दाखवा, लोकांकडे पाहा, त्यांच्याशीं बोला, त्यांची टाळी आनंदानें घ्या. जो तेथें श्रोत्यांस ओळखावयास शिकला, तो मंदिरांत उभा राहिल्यावर त्यांचा आवाज कोठें अडतो, कोणता सूर त्यांस उंच पडतो, कोठें ते दम घेतात, हें जाणील. आणि तेथें स्वतः मागें सरून त्यांस गाऊं देईल. श्रोत्यांशीं जोडलेलें नातें ही अशी दोन्ही ठिकाणीं उपयोगी पडणारी विद्या आहे. रंगमंचावर तिच्या योगानें आपण लोकांपुढें येतों, आणि मंदिरांत तिच्याच योगानें लोकांस पुढें करितों.

वडीलधाऱ्या मंडळींसही एक विनंति आहे. ह्या मुलांनीं महिनोन्‌महिने, शाळा व नोकरी सांभाळून, रात्रीं तालमी केल्या आहेत. त्यांचें वादन चालू असतां आपसांत गप्पा मारूं नयेत, मध्येंच उठून जाऊं नये, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांपैकीं एकास तरी जवळ बोलावून, कोणतें गाणें आवडलें तें नांव घेऊन सांगावें. यजमानानें पाहुण्यास मान द्यावा तसा पाहुण्यानेंही यजमानाच्या श्रमांस द्यावा, ही आपल्या घरची रीतच आहे.

संत सिसिलिया आपल्या वाद्यवृंदासाठीं प्रभूपाशीं विनंति करो. महोत्सवाच्या सायंकाळीं आपल्या तारा सुरांत राहोत, हात स्थिर राहोत, आणि मंडपांतील शेवटच्या रांगेंत बसलेल्या आजीसही, हें आपल्यासाठींच वाजत आहे, असें वाटो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच आजी मंदिरांत मोठ्यानें स्तोत्र गाईल, तर ह्या महोत्सवाचें संगीत सफळ झालें असें आम्ही समजूं.